एकेचाळीस तुकडे

“डोळ्यांनी नाही बघायचं, बोटांनी बघायचं. डोळे कौतुकाला भुलतात. बोटं नाही भुलत.”

मास्तरांना जाऊन एकोणीस वर्षे झाली होती, पण करवत हातात घेतली की त्यांचा तो घोगरा आवाज मावशींच्या कानाशी हटकून यायचा. भट्टीचे सगळे काम त्यांनीच शिकवले होते आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी हे एवढे सांगून ते चहाला जायचे. आज आवाज आला आणि त्याच क्षणी करवत किंचाळली.

मावशींचा हात थांबला.

ॲल्युमिनियमचा तुकडा कापताना करवत किंचाळत नाही. ती कुरकुरते, फार तर दातांत चुरा भरला की रुसून बसते. मावशींनी पात्याला मेण चोळले, शेगड्याच्या लोखंडी जबड्यात धरलेला तो बिस्किटाएवढा चपटा तुकडा पुन्हा घट्ट केला आणि सावकाश पाते ओढले. केसभर आत गेले असेल नसेल, पुन्हा तीच चिरकी किंकाळी. आत काहीतरी होते. मऊ धातूच्या पोटात, तिथे असायला नको असे, कठीण काहीतरी.

पलीकडच्या खोलीत संशोधन करणारी पोरगी आपल्याशीच हसत होती.

तिला सगळी इमारत बुडबुडी म्हणायची, कारण गेली पाच वर्षे ती फक्त बुडबुडे बघत होती. तिचे काम सांगायला सोपे आणि करायला महाकठीण होते. वितळलेल्या धातूत एक दांडा बुडवायचा आणि तो सेकंदाला वीस हजार वेळा थरथरवायचा. त्या थरथरीने रसात बारीक बुडबुडे उठतात, फुटतात आणि गोठायला लागलेल्या धातूचे स्फटिक मोडून बारीक करतात. बारीक कणांचा धातू चिवट होतो, एवढे कारखान्यातल्या माणसांनाही ठाऊक आहे. पण बुडबुडा स्फटिकाला मोडतो कसा, टक्कर देऊन की हिसके देऊन, हे कोणी बघायचे? धातू काही काचेचा नाही. त्यासाठी क्ष-किरणांचा झणझणीत झोत लागतो आणि सेकंदाला साठ हजार चित्रे टिपणारा कॅमेरा लागतो. तसा झोत मिळायचा तो शहराबाहेरच्या या प्रचंड गोल इमारतीत, तोही रांग लावून. प्रत्येकाला मोजके दिवस. यंदाची पोरीची शेवटची पाळी तीन दिवसांची होती. ती गेल्या आठवड्यात संपली, आणि संपता संपता तिला हवे ते दिसले होते.

मावशींचे काम त्या झोताच्या अलीकडचे. धातू वितळवायचा, पातळ भांड्यात ओतायचा, दांडा बसवायचा. कागदोपत्री त्या दांड्याला मोठे नाव होते, भट्टीपाशी सगळे त्याला हॉर्न म्हणत. हॉर्नचे टोक वेगळ्या जड धातूचे, फिरकीने काढता येणारे. रस ढवळताना बुडबुडे नुसते स्फटिकांना खात नाहीत, त्या टोकालाही खातात. खाल्लेले टोक संत्र्याच्या सालीसारखे खरखरीत लागते. वर धातूची साय चढलेली असते, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून प्रत्येक वेळी भट्टी लावण्याआधी मावशी क्षणभर डोळे मिटायच्या, मग टोकावरून उजव्या हाताची पहिली दोन बोटे फिरवायच्या आणि म्हणायच्या, “चालेल.” किंवा, “बदला.” त्यावर कोणी प्रश्न विचारत नसे. मोठमोठे शास्त्रज्ञ झोताच्या खोलीबाहेर हात बांधून उभे असायचे आणि मावशींच्या ‘चालेल’ची वाट बघायचे.

बाकी सगळ्या बायकांना इथे मॅडम म्हणत. यांना मावशी. कोणी विचारले की त्या हसून सांगायच्या, “मॅडम म्हणायला डिग्री लागते बाबा. मावशी म्हणायला नुसती भूक लागली तरी पुरते.” त्यांच्या डब्यात कायम दोघातिघांचे हात असायचे.

मावशींनी शेगडा सैल केला. तुकडा कागदावर घेतला, वर नंबर घातलेला होता: एकेचाळीस. शेवटच्या दिवसाचा, शेवटच्या दुपारचा. पोरीचा विजयाचा तुकडा.

मग त्या कपाटाकडे गेल्या. त्या दिवशीचे टोक डबीत ठेवलेले होते. तराजूच्या काचपेटीत त्यांनी ते ठेवले आणि आकडा स्थिर व्हायची वाट बघत उभ्या राहिल्या. नवे असतानाचे वजन डबीच्या झाकणावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेले होते. फरक चिमूटभर मिठाहूनही कमी होता. पण त्या जगात, जिथे केसाच्या जाडीचे शंभर भाग करून बघतात, तिथे तो डोंगराएवढा होता.

त्यांनी टोक उचलले. उजव्या हाताच्या दोन बोटांवरून फिरवले. गुळगुळीत. मग त्यांनी ते गालावर घासले. गालाला लगेच कळले.

बोटांचे वर्षभर असेच चालले होते. आधी शेंड्यांना मुंग्या यायच्या, मग मुंग्याही निघून गेल्या. डॉक्टर म्हणाले, नसा दमल्यात, तीस वर्षं भाजून घेतलंत, आता त्यांनी काम सोडलंय. मावशींनी कोणाला सांगितले नव्हते. सांगितले असते तर नोकरीचे शेवटचे वर्ष कोठारात हातमोजे मोजत बसायला पाठवले असते. त्यांना वाटले, डोळे आहेत, कान आहेत, तीस वर्षांची सवय आहे, निभेल. झाले असे, की त्यांच्या बोटांना सगळे जगच गुळगुळीत लागायला लागले, आणि त्या ‘चालेल’ म्हणत राहिल्या.

त्या पोरीच्या खोलीत गेल्या. पडद्यावर राखाडी रस हलत होता, त्यात बुडबुड्यांचा पांढरा ढग, आणि ढगाच्या कडेने काळे काळे बारीक तुकडे भिरभिरत सुटत होते.

“मावशी, या ना! बघा, काय सुंदर मोडतंय! हे बघा, हा बुडबुडा फुटला आणि हे तुकडे सुटले. हा एक सेकंद, मावशी. ह्याच्यासाठी पाच वर्षं गेली माझी.”

“शेवट लाव.”

“शेवट? शेवटी काहीच नाहीये. भट्टी परत चढवली आपण, ते आहे नुसतं. मी कापूनच टाकलाय तो भाग.”

“कापलास तरी असेल ना कुठं?”

“असेल. पण त्यात काही नाहीये.”

“मग नसलेलंच बघू. लाव.”

पोरीने डोळे फिरवले, पण लावले. भट्टी चढत होती. रस फिकट होत चालला. खरे स्फटिक असते तर ते या गरमीत चहातल्या साखरेसारखे विरघळून जायला हवे होते. काळे ठिपके विरघळले नाहीत. ते सावकाश खाली जाऊन भांड्याच्या तळाशी बसले आणि तिथेच राहिले, रस पार पाण्यासारखा पातळ झाला तरी.

पोरगी हुशार होती. तिला समजावून सांगावे लागले नाही. तिने एकदा मागे नेऊन पुन्हा बघितले, मग माऊसवरून हात काढून मांडीवर ठेवला.

“स्फटिक नाहीयेत हे,” ती म्हणाली.

“नाहीत.”

“हॉर्नचे कण आहेत.”

“हो. टोक खाल्लं गेलंय. आत्ता वजन करून आले.”

“पण तुम्ही बघितलं होतं टोक. मी तिथंच उभी होते. तुम्ही ‘चालेल’ म्हणालात.”

“म्हणाले.”

“मग?”

मावशींनी हाताची बोटे पसरून स्वतःसमोर धरली, जशी दुसऱ्या कोणाची असावीत. “माझ्या बोटांना काही कळत नाही गं. वर्ष झालं. मी लपवलं.”

पोरीने उठून दार लोटून घेतले. आवाज उतरला.

“आणखी कोणाला माहितीय?”

“तुला आणि मला.”

“मावशी, आज तुम्ही करवत चालवलीच नसती तर?”

“पण चालवली.”

“उद्या संध्याकाळी जर्नलला पेपर पाठवायचाय. सगळं झालंय. महिनाअखेर माझी मुदत संपते, मग जागा जाते. हे बघा. हे तुम्हाला पेपर आल्यावरच दाखवणार होते.”

तिने छापील कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. पहिल्या पानावर वर लांबलचक मथळा, खाली नावे. पहिले पोरीचे. शेवटचे तिच्या मार्गदर्शक सरांचे. आणि चौथे मावशींचे. पूर्ण नाव, आडनावासकट.

एकोणतीस वर्षांत किती पेपर त्या भट्टीतून निघाले, त्याची गणती नव्हती. एकदोनदा शेवटच्या पानावर ‘तांत्रिक साहाय्याबद्दल आभार’ असे यायचे, तेही नाव न घेता. मावशींनी ओळीवरून बोट फिरवले. बोटाला काहीच कळले नाही. डोळ्यांनी मात्र दोनदा वाचले.

“भांडले मी सरांशी,” पोरगी म्हणाली. “म्हटलं, मावशींचं नाव नसेल तर माझंही नको. एवढे ठिपके कोण बघणारे, मावशी? तिकडे वाचणाऱ्यांना काय कळणारे?”

“त्यांना नाही कळणार.”

“मग?”

“माझं नाव काढ आधी. मग बोलू.”

“काढलं तर पाठवू?”

मावशींनी मान हलवली, नाही अशी. पोरीचे डोळे भरले, आणि भरल्या डोळ्यांनीच ती फटकन म्हणाली, “तुमचं काय जातंय! तुम्ही पुढच्या महिन्यात घरी. पाय पसरून बसाल. मला कोण विचारणारे पाच वर्षं काय केलंस म्हणून? आणि लपवलं तुम्ही. मी नाही!”

“खरंय तुझं,” मावशी म्हणाल्या. “म्हणून सरांना मीच सांगते. तू गप्प राहा. तुझ्या तोंडून जाऊ नये ते.”

तिने पडद्याकडे तोंड फिरवले. तळाशी बसलेले ठिपके तसेच होते.

घरी नवरा खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन बसला होता. चाळीस वर्षे छापखान्यात यंत्रापाशी काढल्याने त्यांना जेमतेम ऐकू यायचे. मावशींच्या कामाची त्यांना भारी गंमत वाटे. “तुझा तो कुणाला ऐकू न येणारा आवाज आणि माझे हे कान,” ते म्हणायचे, “बघून दिलेली जोडी आहे.” श्रवणयंत्र होते, पण ते बहुतेक वेळ खणात झोपलेले असायचे.

मावशींनी भाजी चिरायला घेतली, दोन फोडी केल्या आणि सुरी बाजूला ठेवली. खणातून यंत्र काढून त्यांच्या हातात दिले. ते लावायला दिले म्हणजे काहीतरी मोठे आहे, हे त्यांना कळले.

“काय झालं?”

“माझी बोटं गेलीत. वर्ष झालं. काही समजत नाही त्यांना.”

“ते होय,” ते म्हणाले. “मला वाटलं, आज काहीतरी नवीन आहे.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“अगं, चुलीवरनं उतरवलेलं पातेलं तू तसंच उचलतेस. फडकं घेत नाहीस. मी म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल. बायको रागावली की माझ्यापेक्षा जास्त बहिरी होते.”

मावशी हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मग सगळे सांगितले. करवत, तराजू, पोरगी, काळे ठिपके. शेवटी मावशी म्हणाल्या, “पेपरावर माझं नाव घातलं होतं. चौथं.”

नवरा एकदम पुढे सरकला. आयुष्यभर दुसऱ्यांची नावे छापलेला माणूस. “छापून? खरंच? कसं होतं, ठळक होतं का?”

“साधंच. बाकीच्यांसारखं.”

“ते बरं. ठळक नको. ठळक लग्नपत्रिकेत.” मग त्यांनी विचारले, “आणि आता?”

“आता नाही.”

“हं.” त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, अगदी कडेला कड जुळवून, छापखान्यात करायचे तशी. “चुकीचं छापलेलं पान मी कधी बाहेर जाऊ दिलं नाही. रात्रपाळीत सोळाशे प्रती फाडल्यात एकदा. मालक शिव्या देत होता. तुला आठवतं?”

“आठवतं. हाताला कागदाचे काप घेऊन आला होतात.”

“ऐकू येत होतं तेव्हा मला. शिव्या सगळ्या आठवतात.” मग यंत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवले आणि चिरायची राहिलेली भाजी आपल्याकडे ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या खोलीत मावशी उभ्याच राहिल्या. सर बसा बसा म्हणत होते, पण बसून हे सांगता येणार नव्हते. सर मऊ स्वभावाचे, कायम झोप अपुरी असलेले गृहस्थ. त्यांनी सगळे ऐकून घेतले. चष्मा काढला, डोळे चोळले, पुन्हा घातला.

“म्हणजे एकेचाळीसावा गेला.”

“गेला, सर.”

“आणि किती दिवसांपासून म्हणालात, बोटांचं?”

“वर्ष झालं.”

सरांनी वही ओढली. वर्षभरातल्या पाळ्या, पोरीच्या अक्षरात, पहिल्यापासून एकेचाळीसपर्यंत. पाने उलटत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. “म्हणजे ह्यातलं एकही धरता येणार नाही. कुठल्या टोकानं काय टाकलंय, कोणाला माहीत? सगळंच संशयात.” मग अगदी हळू, स्वतःलाच बोलल्यासारखे, “मावशी, काय केलंत तुम्ही.”

दार उघडेच होते. पोरगी बाहेर भिंतीला टेकून उभी होती, हे मावशींना येताना दिसले होते.

“सगळं नाही गेलेलं, सर,” त्या म्हणाल्या. “टोक नवं असतं तेव्हा पहिले काही बरे निघतातच. पण कुठले बरे, ते बसून सांगता नाही येणार. तुकडे सगळे कपाटात आहेत. एकेक कापते, घासते, सूक्ष्मदर्शकाखाली बघते. ज्यात काही नाही, तो पोरीचा. ज्यात कण निघाला, तो माझा.”

“तपासणीचं यंत्र आहे त्याला. न कापता आतलं दिसतं.”

“त्याला रांग सहा महिन्यांची. तिच्याकडे सहा महिने नाहीत.”

“आणि तुमच्याकडे तीन आठवडे आहेत. एका तुकड्याला अर्धा दिवस जातो. बोटं अशी.”

“कापायला बोटं नाही लागत. कान लागतात. पातं किंचाळलं की कळतं. पुढचं डोळ्यांनी.” मावशींनी दाराकडे बघितले नाही, पण आवाज थोडा मोठा केला. “एकेचाळीसच्या एकेचाळीस बघून देते. शब्द देते.”

सरांनी फोन उचलला आणि कोणाशी तरी पोरीच्या मुदतीबद्दल बोलायला लागले. बोलणे लांबले. शेवटी चार महिने वाढवून मिळाले, एवढे मावशींना बाहेर कळले. पेपर त्या संध्याकाळी गेला नाही.

त्या दिवसापासून मावशींनी भट्टीची किल्ली दुसऱ्याला दिली आणि करवतीपाशी स्टूल ओढले. एक नंबरपासून सुरुवात केली. कापायचे, मग पाण्याच्या धारेखाली कागदावर घासायचे, आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक, तुकडा आरशासारखा होईपर्यंत. मग सूक्ष्मदर्शकावर वाकून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, शेतात नांगर फिरावा तसे, एकही पट्टा न सोडता बघायचे. पाठ मोडून यायची. बोटांना घासल्याचे कळत नसे, म्हणून एकदा नखच घासले गेले आणि पाण्यात लाल दिसले तेव्हा समजले. त्यानंतर त्या हातमोजे घालायला लागल्या.

पोरगी आठवडाभर त्या खोलीत आली नाही. जाता येता दिसली तर बाजूने निघून जायची. नवव्या दिवशी दुपारी ती आली, मावशींच्या पलीकडच्या स्टुलावर बसली आणि त्यांच्या हातांकडे बघत राहिली.

“कितवा?”

“चौदावा.”

“निघालं काही?”

“दोनात निघालं. बाकीचे बरे आहेत.”

“मावशी, माझ्या उपयोगाचे सगळे शेवटी आहेत. तिसाच्या पुढचे. तिथं फिल्म चांगली आलीय. ते आधी बघा ना.”

“नाही.”

“का पण?”

“आवडीचे आधी घेतले की बघणारा ढिला पडतो. निर्मळ निघावं असं वाटायला लागतं. मग सोडू नये ते सोडतो. ओळीनं जाऊ दे.”

पोरगी हुं म्हणाली. मग तिने पंधरावा तुकडा उचलला, शेगड्यात लावला आणि पात्याला मेण चोळायला लागली. चुकीच्या बाजूने चोळत होती.

“उलटं धर. दात तुझ्याकडे.”

“असं?”

“हां. आणि दाबू नकोस. त्याला घाई असली तर त्याची त्याला जाऊ दे.”

तिने ओढले. पाते कुरकुरत गेले, सरळ. दोघींनी एकदम श्वास सोडला, आणि ते दोघींच्याही लक्षात आले.

“रागावलीस ना?” मावशींनी विचारले.

“अजून आहे राग,” पोरगी म्हणाली. “पण घरी बसून रागावलं की जास्त होतं.”

तीन आठवडे बघता बघता संपले. कधी पोरगी असायची, कधी नसायची, तिला तिचे हिशेब नव्याने मांडायचे होते. शेवटच्या दिवशी दुपारी मावशींनी वहीत तिसावी खूण केली. एकोणतीस नंबरपर्यंत ओळीने आणि तो पहिला एकेचाळीसावा. एकोणीस बरे. अकरांत कण. आणि अकरा अजून कपाटात, पोरीची सगळी भिस्त ज्यांच्यावर ते.

निरोपाचा कार्यक्रम वरच्या मोठ्या खोलीत झाला. बिस्किटे होती, चहा होता, भिंतीवरचे एक घड्याळ कागदात गुंडाळून दिले. इतकी वर्षे वेळेवर आलेल्या बाईला घड्याळ का देतात, असा कोणीतरी विनोद केला आणि सगळे हसले. सर चांगले बोलले. भट्टीबद्दल बोलले, डब्याबद्दल बोलले. बोटांबद्दल कोणी काही बोलले नाही, आणि कोणी बोलले नाही हेच सगळ्यांना माहीत असल्यासारखे होते. मावशींना दोन शब्द बोला म्हणाले, तेव्हा त्या उठल्या, सगळ्यांकडे बघून “जपून राहा” एवढेच म्हणाल्या आणि बसल्या.

खाली कार्यालयात त्यांनी किल्ल्या दिल्या, गळ्यातले ओळखपत्र दिले, सह्या केल्या. सर मुद्दाम जिन्यापर्यंत आले.

“उरलेल्या अकरांची काळजी नका करू. बघू, कोणाकडून तरी करून घेऊ.”

मावशींनी मान हलवली. करणारे कोणी नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होते. नवीन भट्टीवाला चांगला होता, पण त्याला करवतीचा आवाज आणि रेडिओचा आवाज यात अजून फरक कळत नव्हता.

फाटकापाशी पोरगी धापा टाकत आली. घडी घातलेला एक कागद मावशींच्या हातात कोंबला आणि तशीच मागे पळाली. रस्त्यात उभे राहून मावशींनी तो उघडला. पाहुण्यांच्या प्रवेशाची चिठ्ठी होती, त्यांच्या नावाची, पूर्ण नावाची, आडनावासकट. उद्यापासून दोन आठवड्यांची. खाली पोरीची सही.

सकाळी नेहमीच्या वेळी मावशींना जाग आली. अंघोळ केली, थोडा वेळ डोळे मिटून बसल्या, डबा भरला. तीन माणसांचा भरला. नवरा अंथरुणातूनच एक डोळा उघडून बघत होता.

“आता कुठं निघालीस?”

“अकरा राहिलेत.”

“आं?”

“अकरा!”

“मग अकराला जा ना. आत्ता तर सातच वाजलेत.”

मावशींनी त्यांच्या पायावरचे पांघरूण नीट केले, चहाचा कप हाताशी ठेवला आणि बाहेर पडल्या.

कोपऱ्यावर कर्मचाऱ्यांची निळी बस आली. एकोणतीस वर्षे ती इथे थांबायची. आता ओळखपत्राशिवाय तीत चढता येत नव्हते, पण ड्रायव्हरने सवयीने वेग कमी केला आणि दार उघडले. खिडक्यांतून दोघातिघांनी बघितले. मावशींनी हात वर करून त्याला पुढे जायची खूण केली. तो क्षणभर तसाच थांबला, मग दार बंद झाले.

बस वळणाआड गेल्यावर मावशींनी डब्याची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि पुढच्या चौकातल्या साध्या बसच्या थांब्याकडे चालायला लागल्या.